पतंगाची निवड, कन्न्यांची गाठ आणि वाऱ्याची ओढ

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात पतंगावर भाषण हे थोडे अवेळी वाटेल. महाराष्ट्रात पतंग म्हटला की संक्रांत आठवते. तिळगूळ, हलवा, गच्चीवरचा गोंगाट, येवल्याकडची मंडळी असतील तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस हातात आसारी. पण आपण राहतो लखनौला. इथली संक्रांत खिचडीची. इथला पतंग उडतो दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, जमघटला. आपल्याकडे ज्या दिवशी पाडव्याची ओवाळणी चालते, त्याच दिवशी सारे शहर गच्चीवर असते. आपल्यापैकी ज्यांची मुले इथेच जन्मली, त्यांच्या घरी पतंगाचा सण जमघटच आहे. विसर्जनानंतर दीड-दोन महिन्यांत तो येईल. म्हणून बोलायची वेळ हीच.

दुसरे कारण असे की कार्यक्रम समितीने मुलांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्यात एक चिठ्ठी होती, 'स्केटबोर्डवर उभे राहून पतंगाने ओढून घ्यायचे असेल तर लहानात लहान कोणता पतंग घ्यावा आणि तो कसा बांधावा?' काही पालक हसले, काही घाबरले. मला मात्र प्रश्न उत्तम वाटला. पतंग म्हणजे नुसती शोभा नव्हे, तो वाऱ्यातून ताकद काढणारे यंत्र आहे, हे त्या मुलाला कळले आहे. आज त्याला हसण्यावारी न नेता सरळ उत्तर द्यायचे आहे.

वारा आधी, पतंग नंतर

बाजारात गेल्यावर आपण रंग पाहतो, मग आकार, मग किंमत. खरे पाहता पहिला प्रश्न वाऱ्याचा आहे. पतंग माणूस निवडत नाही, वारा निवडतो.

हिशेब साधा आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, तिप्पट झाला की नऊपट. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा एक चौरस मीटरवर साधारण दीड किलो वजनाइतका जोर लावतो. तोच वारा ताशी ९ किलोमीटरवर आला की हा जोर चारशे ग्रॅमच्याही खाली जातो. ताशी ३६ वर गेला की सहा किलो. हे आकडे ढोबळ आहेत, पण अंदाजाला पुरेसे आहेत.

आता आपल्या शहराचा वारा पाहा. समुद्र शेकडो कोस दूर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस गेलेला, थंडी यायची, हवा जवळजवळ स्तब्ध. दुपारी थोडी झुळूक येते, संध्याकाळी तीही बसते. जोराचा वारा इथे येतो तो मे महिन्यात, लू होऊन किंवा धुळीची आंधी होऊन. म्हणजे जमघटला लखनवी पतंगाला उडायचे असते ते जेमतेम हलणाऱ्या हवेत. एवढ्या वाऱ्यात उडायचे तर वजन हेच शत्रू. म्हणून इथल्या कारागिराने पतंगी कागद पारदर्शक वाटेल इतका पातळ घेतला, बांबूची कामटी तासून तासून काडीसारखी केली आणि शेपूट काढून टाकले. इथल्या वाऱ्यानेच पतंगाला हा आकार दिला आहे.

या शहराचे पतंगाचे वेडही जुने. नवाब आसफउद्दौला यांनी १७७५ साली अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. अब्दुल हलीम शरर यांच्या 'गुजिश्ता लखनऊ' या ग्रंथात त्या काळापासूनच्या पतंगांची हकीकत आहे. नवाबाच्या पतंगाला सोन्या-चांदीची झालर असे आणि तो लुटून आणणाऱ्याला पाच रुपये मिळत, असे शरर लिहितात. त्या काळचे पाच रुपये! पतंगामागे धावणाऱ्या मुलांना आपण रागावतो, पण या धावण्याला इथे दोन शतकांहून जास्त परंपरा आहे.

पतंग पारखावा कसा

चौकात जाल तर दुकानदार गठ्ठाच पुढे टाकतो. घाई करू नका. एकेक पतंग हातात घ्या. त्याला दोनच कामट्या असतात. उभीला इथे ठड्डा म्हणतात, आडव्या वाकवलेलीला कांप. आपण तिला कमान म्हणू. ठड्डा ताठ हवा, कमान लवचिक हवी.

पहिली परीक्षा तोलाची. ठड्डा बोटावर आडवा ठेवा. पतंग एका अंगाला कलला तर त्या बाजूला वजन जास्त आहे.

दुसरी परीक्षा कमानीची. दोन्ही टोके हलकेच मागे वाकवा. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. एक बाजू मऊ आणि एक कडक असेल तर वाऱ्यात मऊ बाजू जास्त मागे जाते, तिथे उचल कमी मिळते आणि पतंग त्याच अंगाला झुकत राहतो.

तिसरी परीक्षा कागदाची. पतंग उजेडाकडे धरा. भोके, सुरकुत्या, लईचे जाड डाग दिसतात. कागद कमानीवर ताणलेला हवा, पण इतकाही नको की बोट लागताच फाटेल.

चौथी गोष्ट आकाराची. उत्तरेकडे कागदाच्या तावावरून अद्धी, पौनी अशी मापे सांगतात. लहान मुलाला मोठा पतंग द्यावा असे मोठ्यांना वाटते, कारण तो दिमाखदार दिसतो. पण मोठा पतंग हळू वळतो आणि जास्त ओढतो. फार लहान पतंग उलट इतका चपळ असतो की नवख्याच्या हातात तो गोतेच खातो. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी मधला, अद्धीच्या आसपासचा पतंग बरा. पहिल्या दिवशी त्याला कागदाची लांब शेपटी चिकटवून द्यावी. लखनवी उस्ताद नाक मुरडतील, पण पतंग स्थिर राहील आणि मूल रडणार नाही.

एवढे पाहूनही पतंग एका अंगाला झुकलाच तर इथे एक सुंदर युक्ती आहे. तो ज्या बाजूला झुकतो त्याच्या विरुद्ध टोकाला चिंधीचा किंवा दोऱ्याचा छोटा तुकडा बांधतात. त्या तुकड्याला हिंदीत 'कन्नी' म्हणतात आणि पतंग झुकला की तो 'कन्नी खातो'. 'कन्नी काटना', म्हणजे नजर चुकवून बाजूने निसटणे, हा हिंदीतला वाक्प्रचार आपण कार्यालयात रोज ऐकतो. वर्गणीची पावती-पुस्तके निघाली की मंडळातही त्याचा अनुभव येतो!

कन्ने: सगळा खेळ दोन बोटांचा

पतंगाला मुख्य दोरा थेट बांधत नाहीत. आधी दोऱ्याचा एक त्रिकोण बांधतात. त्याला लखनौत कन्ने म्हणतात, आपल्याकडे कोणी कन्नी म्हणते, गुजरातकडचे किन्ना म्हणतात. हिंदीतली कन्नी म्हणजे चिंधी आणि मराठीतली कन्नी म्हणजे हा दोरा. दुकानात मागताना घोटाळा होतो, म्हणून लक्षात ठेवा.

वरची भोके ठड्डा आणि कमान जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे, फुलीच्या दोन्ही अंगांना. खालची भोके ठड्ड्यावर, शेपटाकडून साधारण पाव ते एक तृतीयांश उंचीवर, ठड्ड्याच्या दोन्ही बाजूंना. दोरा भोकांतून काढून ठड्ड्याला गाठ मारायची, नुसती कागदाला नव्हे. मग दोन्ही दोरे एकत्र ताणून पुढे एक फासाची गाठ.

खरा प्रश्न गाठ कुठे मारायची हा आहे. वरचा आणि खालचा दोरा अगदी सारखे ठेवले तर पतंग वाऱ्याला बराच समोर उभा राहतो. खालचा दोरा बोटभर लांब ठेवला की पतंगाचे नाक थोडे पुढे झुकते, तो वर चढतो आणि हाताला कमी ओढतो. वारा वाढला की खालचा दोरा आणखी थोडा लांब करायचा. वारा फारच कमी असेल तर दोन्ही जवळजवळ सारखे ठेवायचे. खालचा दोरा वरच्यापेक्षा आखूड झाला की संपले. पतंग वाऱ्यापुढे भिंतीसारखा उभा राहतो, ओढतो खूप, चढत नाही आणि गिरक्या घेतो. मूल म्हणते पतंग खराब आहे. पतंग चांगला असतो, गाठ दोन बोटे चुकलेली असते.

शेपूट नसूनही हा पतंग सुकाणूसारखा कसा वळतो, हे आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींनाही गंमतीचे वाटेल. दोरा ताणला की वाऱ्याच्या जोराने कमान मागे वाकते, पतंग किंचित नावेच्या तळासारखा होतो आणि नाक जिकडे असेल तिकडे सरळ धावतो. ढील दिली की कमान सुटते, पतंग सपाट होतो आणि गरगर फिरू लागतो. नाक आपल्याला हव्या दिशेला आले की पुन्हा ताण द्यायचा. ताण म्हणजे सरळ, ढील म्हणजे वळण. एकाच दोऱ्याने दिशा देण्याची ही विद्या आहे आणि ती सारी त्या लवचिक कमानीत आहे. म्हणून म्हटले, कमान आधी पारखा.

स्केटबोर्डला किती ओढ लागते

आता चिठ्ठीतल्या प्रश्नाकडे येऊ. पतंगाने गाडी ओढायची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी पतंगांनी ओढली जाणारी घोड्याविना गाडी तयार करून १८२६ साली तिचे पेटंट घेतले. तिचे नाव शार्वोलाँ. त्या काळी टोलनाक्यावर घोडे मोजून कर घेत, गाडीला घोडाच नसल्याने ती फुकट सुटे, असे सांगतात. याच पोकॉक यांनी आपल्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगाने हवेत उचलले होते. ती मार्था पुढे क्रिकेटमहर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली. ग्रेस यांच्या उंच फटक्यांचे मूळ तिथे असावे, असे म्हणायला हरकत नाही! पुढे नोव्हेंबर १९०३ मध्ये सॅम्युएल कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या छोट्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली.

आजचे ओढणारे पतंग कागदाचे नसतात, त्यांना काड्याही नसतात. अमेरिकेतील डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६४ च्या सुमारास कापडी कप्प्यांचा पतंग तयार केला. पुढची बाजू उघडी, मागची शिवलेली. वारा कप्प्यांत शिरतो आणि पिशवी फुगून पंखाचा आकार घेते. बोर्डवर शिकणारे लोक याच जातीचा, दोन किंवा चार दोऱ्यांचा लहान पतंग वापरतात. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर पाण्यावरून पतंगाने ओढून घेणारे खेळाडू तुम्ही पाहिले असतील. त्यांचे पतंग याहून खूप मोठे असतात.

आता ताळा करू. साठ किलोचा माणूस गुळगुळीत डांबरी जमिनीवर स्केटबोर्डवर उभा आहे. चाके फिरत राहण्यासाठी एक-दीड किलोची ओढ पुरते. गवताळ मैदान असेल, हवेची मोठी चाके असतील, तर तीच गरज पाच-सहा किलोंवर जाते. दोन चौरस मीटरचा कापडी पतंग ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात आकाशात नुसता उभा असेल तर साधारण तीन किलो ओढतो. म्हणजे डांबरावर काम भागले.

पण धोका इथेच दडलेला आहे. हा पतंग उभा ठेवत नाहीत, आकाशात आडव्या आठाच्या आकड्यात फिरवतात. फिरताना त्याला लागणारा वारा त्याच्या स्वतःच्या वेगाने वाढतो. तो दुप्पट झाला की ओढ तीनाची बारा किलो, तिप्पट झाला की सत्तावीस. मध्येच वाऱ्याचा झोत आला तर विचारायलाच नको. चाळीस किलोच्या मुलाला सत्तावीस किलोंचा झटका म्हणजे तोंडावर आपटणे. स्केटबोर्डची चाके लहान आणि कडक असतात, हरभऱ्याएवढा खडा आला तरी बोर्ड जागीच थांबतो, माणूस मात्र थांबत नाही.

म्हणून निवडीचे नियम असे. पतंग लहानच घ्यावा, शिकण्यासाठी दीड-दोन चौरस मीटरपेक्षा मोठा नको. वारा कमी पडतो म्हणून मोठा पतंग घ्यायचा मोह टाळावा, कारण वारा वाढला की मोठा पतंग लहान करता येत नाही. हात सोडताच पतंगाची ताकद निघून जाईल अशी सोय, म्हणजे मनगटाला बांधलेली सुटकेची दोरी, असलेलाच पतंग घ्यावा. ती सोय नसेल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मांडणीचे नियमही थोडेच आहेत. दोन्ही दोरे अगदी समान लांबीचे हवेत. दोघांची टोके एकाच खुंटीला अडकवून, ताणून, दुसरी टोके जुळवून पाहावीत. चार बोटांचा फरक पडला तरी पतंग एकाच अंगाला वळत राहतो. इथे पुन्हा आपल्या कन्न्यांचाच धडा. पतंग आपल्यापासून वाऱ्याच्या दिशेने पुढे पसरावा आणि मागच्या कडेवर मूठभर वाळू टाकावी, म्हणजे तो आपोआप उठणार नाही. उडाल्यावर तो आधी डाव्या-उजव्या कडेला न्यावा, कारण तिथे ओढ सर्वांत कमी. अगदी समोर, वाऱ्याच्या मध्यावर, ओढ सर्वांत जास्त. पहिले काही दिवस बोर्ड घरीच ठेवावा आणि नुसते जमिनीवर उभे राहून पतंग सांभाळावा. डोक्याला हेल्मेट, गुडघ्याला-कोपराला पट्टे. वाऱ्याच्या दिशेला मोकळे मैदान, माणूस नाही, झाड नाही, तार नाही.

आता खरे उत्तर ऐका. जमघटच्या दिवसांत लखनौच्या वाऱ्यात हा दोन चौरस मीटरचा पतंग बहुधा नीट फुगणारच नाही. आणि मे महिन्यात आंधी येते तेव्हा तो फुगेल, पण त्या वेळी कोणीही तो हातात धरू नये. शहराचे रस्ते तर या खेळासाठी नाहीतच. गोमतीनगरचे जनेश्वर मिश्र पार्क मोठे आहे, पण तिथे फिरायला आलेली माणसे असतात आणि कोणाच्याही अंगावर वीस मीटरचा ताणलेला दोरा जाता कामा नये. म्हणून चिठ्ठीवाल्या मित्रा, तुला माझा सल्ला असा. स्केटबोर्ड वेगळा शीक. मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या जनवार या खेड्यात २०१५ पासून मुले स्केटबोर्ड शिकत आहेत, तेव्हा तो फक्त मोठ्या शहरांचा खेळ आहे असे मानू नकोस. पतंगाची ओढ इथे लखनवी पतंगावर शीक. पुढे समुद्रकिनारी जाशील तेव्हा जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली दोन्ही एकत्र कर. ज्याच्या बोटांना ताण आणि ढील कळली, त्याला मोठा पतंग लवकर समजतो.

दोऱ्याचा प्रश्न

स्केटबोर्डवर पडल्याने जो धोका आहे तो पडणाऱ्याला आहे. आता ज्या धोक्याबद्दल बोलतो तो दुसऱ्याला आहे. म्हणून तो जास्त गंभीर.

जुना मांजा सुती. भाताची खळ, रंग आणि काचेची पूड यांनी सुताला धार आणत. बरेलीचा मांजा प्रसिद्ध आहे. तो बोट कापतो, पण जोराचा ताण आला की तुटतो. गेल्या काही वर्षांत बाजारात आला तो नायलॉनचा, ज्याला लोक चिनी मांजा म्हणतात. तो तुटत नाही. पतंग कटला तरी दोरा झाडांवर, खांबांवर, रस्त्यावर आडवा लटकत राहतो. स्कूटरवरून जाणाऱ्याच्या गळ्याला तो लागला की काय होते, ते आपण वर्तमानपत्रांत दरवर्षी वाचतो. पुढे टाकीवर बसवलेले मूल असेल तर दोरा आधी त्याच्या गळ्याशी येतो. पक्ष्यांचे पंख कापले जातात ते वेगळेच.

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या आणि तशा कृत्रिम मांजाचे उत्पादन, विक्री, साठवण आणि वापर यांवर देशभर बंदी घातली. बंदी आहे आणि मांजा मिळतोही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

लखनौची आणखी एक अडचण आहे. आपली मेट्रो सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१९ मध्ये विमानतळापासून मुंशीपुलियापर्यंत पूर्ण झाली. तिच्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो. काही मांजांत धातूची पूड किंवा तारच असते. असा दोरा तारेवर पडला की प्रवाह तुटतो, गाड्या थांबतात आणि ज्याच्या हातात दोरा आहे त्याच्या जिवावर बेतू शकते. मेट्रोचे अधिकारी सणाच्या आधी वारंवार तशी विनंती करतात. आपल्यात रेल्वेची मंडळी आहेत, त्यांना २५ हजार व्होल्ट म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घरांत दोन मते आहेत. काही घरांत पतंग बंदच केला आहे. आई-वडील म्हणतात, नकोच ते. काही घरांत मुलांना पैसे देऊन गच्चीवर पाठवतात आणि कोणता दोरा आणला हे विचारतही नाहीत. पहिल्या मतामागची भीती खरी आहे. पण पतंग बंद केला की मूल शेजारच्या गच्चीवर जाते आणि तिथला दोरा आपण पाहिलेला नसतो. शिवाय या गावात आपण राहायला आलो, तर गावाचा एक चांगला सण मुलांपासून का तोडायचा? पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली याच शहरात संगीत विद्यालय उभे करण्यात पुढाकार घेतला. त्यांनी इथली विद्या दुरून पाहिली नाही, तिच्यात उतरून तिला शिस्त लावली. पतंग हीदेखील इथली विद्याच आहे.

दुसऱ्या मताला माझे एवढेच सांगणे की नायलॉनची पतंगाला गरजच नाही. हे मी उपदेश म्हणून नव्हे, हिशेब म्हणून सांगतो. जमघटच्या मंद वाऱ्यात अद्धी पतंगाची ओढ शे-दोनशे ग्रॅमच्या आसपास असते. साधी सद्दी, म्हणजे काच न लावलेला सुती दोरा, एवढी ओढ सहज पेलते. पेच लढवायचा असेल तरच धार लागते. शिकणाऱ्याला पेच लागत नाही, आकाश लागते.

मंडळापुढे एक सूचना

म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. यंदा जमघटला आपल्या मंडळाच्या मुलांसाठी मोकळ्या मैदानावर दुपारचे दोन तास ठरवावेत. मेट्रोच्या आणि विजेच्या तारांपासून दूर, गच्चीवर नाही. दोरा फक्त सद्दीचा आणि तो मंडळाने एकदम आणावा, म्हणजे कोणी कोणाची चरखी तपासायला नको. पेच नाहीत. चौकातल्या एखाद्या पतंग बनवणाऱ्या कारागिराला योग्य मानधन देऊन बोलवावे. त्याने मुलांसमोर कामटी तासावी, कमान वाकवावी, लई लावावी. प्रत्येक मुलाने आपल्या पतंगाचे कन्ने स्वतः बांधावेत. नायलॉनच्या गुंडाळीपेक्षा या कारागिराच्या हातात पैसा गेला तर तो पैसा लखनौतच राहील आणि ती कलाही.

आणि मोठ्यांसाठी एक काम. दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या गल्लीत, झाडांवर, खांबांजवळ लटकलेला हाताशी येईल तेवढा दोरा गोळा करून टाकावा. विजेच्या तारेवरचा मात्र कोणीही काढू नये, त्यासाठी वीज खात्याला कळवावे. हे काम फोटो काढण्यासारखे नाही, पण एखाद्या स्कूटरवाल्याचा गळा त्यामुळे वाचेल.

एक गमतीची गोष्ट सांगून थांबतो. आपल्या देशातला १९३४ चा विमानविषयक कायदा विमानाच्या व्याख्येत पतंगही धरत असे. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली. पण त्या जुन्या व्याख्येत शहाणपण होते, असे मला वाटते. पतंगाला विमान म्हटले की उडवणारा वैमानिक ठरतो आणि वैमानिकाची पहिली जबाबदारी खाली चालणाऱ्या माणसांची असते. आपल्या मुलांच्या हातात आपण एवढीच समज दिली, तर दोरा कोणता घ्यायचा हे त्यांना दरवर्षी सांगावे लागणार नाही.

माझी सूचना कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत यावी आणि तिच्यावर मोकळी चर्चा व्हावी, अशी विनंती करतो. 

गणपती बाप्पा मोरया!